पेठेतलं घर विकून पुनावळ्याला जावं का?

सदाशिव पेठेत राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. १९७४ साली बांधलेल्या बारा घरांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट आहे. लिफ्ट नाही. घरात पती, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. पती हिंजवडीत नोकरीला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातात, परतायला रात्रीचे नऊ होतात आणि त्यानंतर गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं. वाचक स्वतः पेठेतल्याच एका शाळेत शिक्षिका आहेत, मुलगाही तिथेच शिकतो. पतींचं म्हणणं असं, की हा फ्लॅट विकून हिंजवडीजवळच्या पुनावळ्याला मोठा घेऊ. तिथे लिफ्ट, पार्किंग, मुलाला खेळायला जागा. सासूबाई म्हणतात, 'मी इथून हलणार नाही.' पण गुडघ्यांमुळे गेले कित्येक महिने त्या खाली उतरलेल्याच नाहीत. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी पाच वर्षं चालू आहेत. 'माझ्या शाळेचं काय, मी जाऊन येईन,' असं लिहून त्या विचारतात, 'पेठेच्या मोहापायी मी घरच्यांची सोय अडवतेय का? की सासूबाईंना त्यांच्या माणसांतून उठवून नेणं चुकीचं ठरेल?'

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी अडले. 'माझ्या शाळेचं काय, मी जाऊन येईन.' पतींच्या प्रवासाबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलं आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल अर्धं, मुलाच्या खेळाबद्दल चार ओळी. स्वतःबद्दल हे एवढंच. म्हणून आधी तुमच्यापासूनच सुरुवात करू.

आज तुम्ही शाळेत चालत जाता, मुलाला बरोबर नेता, मधल्या सुट्टीत सासूबाईंना फोन करता आणि गरज पडली तर पंधरा मिनिटांत घरी पोहोचता. पुनावळे ते सदाशिव पेठ हे अंतर साधारण अठरा-वीस किलोमीटर आहे. पती आठवड्यातून तीन दिवस प्रवास करतात, तुम्ही सहा दिवस कराल. मुलगा याच शाळेत राहिला तर तोही तुमच्याबरोबर. म्हणजे घर बदलून घरातला प्रवास कमी होत नाही, एका माणसाचा तीन दिवसांचा त्रास दोघांच्या सहा दिवसांवर जातो. शिवाय तुम्ही दोघं दिवसभर बाहेर असताना सासूबाई एका नव्या घरात एकट्या असतील.

अशा घरांत पुढे काय होतं, हे मी या सदरातल्या पत्रांतून वाचत आले आहे. पहिलं वर्ष बाई ओढत नेते. मग मुलाची शाळा बदलते, कारण त्याची झोप होत नाही. मग तिची नोकरी सुटते, किंवा घराजवळच्या एखाद्या शाळेत कमी पगारावर ती नव्याने सुरुवात करते. हा निर्णय कुणी बसून घेतलेला नसतो, तो आपोआप होतो. तुमच्या बाबतीत तो आपोआप होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला खरंच शाळा बदलायची असेल तर ती गोष्ट वेगळी. पण मग ती टेबलावर मांडा, फ्लॅटच्या किमतीच्या हिशेबात धरा. 'मी जाऊन येईन' या तीन शब्दांखाली ती दडवू नका.

आता पतींकडे वळते. त्यांचा त्रास खोटा नाही. हिंजवडीहून रात्री दमून आल्यावर टिळक रस्ता, भिकारदास मारुती, पुन्हा टिळक रस्ता अशा चकरा मारत गाडीला जागा शोधणं माणसाचा जीव काढतं. पण त्यांच्या मागणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, त्या सुट्या करून पाहा. एक आहे जिना, दुसरी गाडी, तिसरी हिंजवडीची वाट. जिना हा तुमच्या इमारतीचा दोष आहे, पेठेचा नाही. याच पेठेत लिफ्ट असलेल्या इमारती भरपूर आहेत. गाडीची अडचण मात्र पेठेचीच, ती सुटणार नाही. गाडी ठेवायचीच असेल तर एखाद्या इमारतीत किंवा वाड्याच्या आवारात महिन्याच्या भाड्याने जागा घ्यावी, नाहीतर पेठेत गाडी लागतेच का हा प्रश्न विचारावा. राहिली वाट. सप्टेंबर २०२४मध्ये शिवाजीनगर न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडईला स्थानक आलं. हिंजवडी ते शिवाजीनगर हा सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग त्याच न्यायालय स्थानकापाशी येऊन मिळतो. तो पूर्ण धावू लागला की मंडईला बसून, एकदा गाडी बदलून हिंजवडीला जाता येईल. त्या भरवशावर आज काही ठरवा असं मी म्हणत नाही. पण प्रवासाच्या कारणासाठी पेठेतलं घर विकायचं असेल, तर ही वेळ विकण्याची नक्कीच नाही.

सासूबाईंबद्दल लिहिताना मला जास्त काळजी वाटते.

'त्यांच्या माणसांतून उठवून नेणं' असं तुम्ही म्हणता. त्यांची माणसं आज नेमकी कोण आहेत, हे एकदा नावांनिशी मोजाल का? तुमच्याच पत्रात आहे, की बारा घरांपैकी पाचांत स्पर्धा परीक्षेची मुलं भाड्याने राहतात आणि दोन घरं बंद आहेत, मालक अमेरिकेत. पेठांची ही आजची खरी स्थिती आहे. ज्या घरांत चार भावंडं वाढली तिथे आता कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं भरून, सहा मुलं राहतात. तळमजल्यावर अभ्यासिका असते, नाहीतर गोदाम. ज्या मैत्रिणींबरोबर सासूबाई उपाशी विठोबाला जायच्या, त्यांपैकी किती जणी अजून इथे आहेत? आणि ज्या आहेत, त्यांना तरी तीन जिने चढून येता येतं का?

एक दृश्य तुम्ही लिहिलं आहे ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळी भाजीवाला आला, की सासूबाई गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतात. त्यात पैसे आणि चिठ्ठी. तो भाजी घालतो, वर बघून एखादं वाक्य बोलतो, 'आज गवार कोवळी आहे, आजी,' आणि त्या पिशवी ओढून घेतात. दिवसभरातलं बाहेरच्या माणसाशी त्यांचं हे एकमेव बोलणं. यात पेठेचं सगळं मोठेपण आहे. तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या बाईलाही इथे कुणीतरी नावाने ओळखतं. आणि यातच हेही दिसतं, की ती बाई पेठेत राहतच नाहीये. ती पेठेच्या वर तीन मजले राहते.

म्हणून त्यांचं 'मी इथून हलणार नाही' हे वाक्य मी शब्दशः घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. कशापासून हलायचं नाही हे त्यांना विचारा. या भिंतींपासून, जिथे त्यांचे यजमान गेले? देवळापासून? डॉक्टरांपासून, जे चाळीस वर्षं ओळखतात? की 'मुलगा विकून टाकेल आणि परत येता येणार नाही' या भीतीपासून? उत्तर कोणतं येतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आणि हे तुम्ही विचारायचं, पतींनी नाही. मुलाने विचारलं की आई एकतर रुसते नाहीतर लगेच 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून मोकळी होते.

एका गोष्टीला उशीर करू नका, ती म्हणजे जिना. रात्री-अपरात्री काही झालं तर त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं लागेल, आणि बोळात दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असताना रुग्णवाहिका इमारतीच्या दारापर्यंत येईलच असं नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्ता दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरही बंद असतो. अशा वेळी काय करायचं, हे तुमच्या घरात कधी बोललं गेलंय का? घर बदला वा न बदला, हे या महिन्यात ठरवा.

'पेठेचा मोह' हा शब्द तुम्ही स्वतःला दोष देत वापरला आहे. मला तो दोष वाटत नाही. अप्पा बळवंत चौकात चालत जाऊन मुलाला पुस्तक घेऊन देता येणं, संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात प्रयोग बघून पायी घरी येणं, भारत इतिहास संशोधक मंडळात एखादं व्याख्यान ऐकणं, हे पैशाने विकत मिळणारं नाही. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा असून एकटा वाण्याकडे जातो, हे तुम्ही सहज लिहून गेलात. ओळखीच्या डोळ्यांखाली एकट्याने चार पावलं जाता येणं ही मुलासाठी केवढी मोठी गोष्ट आहे! मोठ्या संकुलात त्याला सायकल चालवायला जागा मिळेल, संध्याकाळी वीस मुलं खेळायला मिळतील, तेही खरंच. पण फाटकाबाहेर तो बहुतेक गाडीत बसूनच जाईल. दोन्हींपैकी कोणतं स्वातंत्र्य मोठं, हे मुलाच्या स्वभावावर आहे. त्याला विचारलंत का? पेठेत मैदानच नाही असंही नाही. टिळक रस्त्यावर महाराष्ट्रीय मंडळ आहे, सारसबाग आहे.

पण पेठेबाहेर गेलेल्यांनी काही गमावलंच, हेही मनातून काढून टाका. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबं गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहतींत गेली. त्या माणसांनी ती जागा निवडलेली नव्हती. तरी तिथे शाळा झाल्या, भजनी मंडळं झाली, गणपती बसले. पुढे कोथरूडला घर घेणाऱ्याला 'एवढ्या लांब?' असं विचारत, आणि आज कोथरूडकर बावधनला जाणाऱ्याला तेच विचारतात. पुनावळ्यातही आज जळगावची, लातूरची, नागपूरची, परप्रांतांतली तरुण कुटुंबं आहेत. त्यांच्यातही आजीआजोबा आलेले आहेत आणि संध्याकाळी क्लबहाउसच्या पायऱ्यांवर बसून एकमेकांची गावं विचारतात. लिफ्टने खाली उतरून त्या घोळक्यात बसता आलं, तर सासूबाईंना तीन जिन्यांवरच्या पेठेपेक्षा जास्त माणसं मिळतील, हे शक्य आहे. अडचण आहे ती त्यांना भेटायला येणाऱ्यांची. पेठेतली मैत्रीण पुनावळ्यापर्यंत येणार कशी, आणि आली तर फाटकावर टॉवरचं अक्षर, फ्लॅटचा नंबर सांगून ॲपवरच्या परवानगीची वाट बघत उभी राहणार. एकदा येईल. दुसऱ्यांदा फोन करेल.

पुनावळ्याचा फ्लॅट बघताना पाण्याची चौकशी नीट करा. पुण्याच्या पेठा वाढल्या, त्यामागे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने आणलेलं पाणी होतं. ते शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचलं, म्हणून वस्ती टिकली. आज उलट होतं. इमारती आधी उभ्या राहतात आणि पाण्याची लाइन मागून येते. पुनावळं ज्या पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, तिथे नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी येतं आणि उरलेली गरज अनेक सोसायट्या टँकरवर भागवतात. पुणे महापालिकेत २०१७ आणि २०२१मध्ये मिळून ३४ गावं आली, त्यांपैकी नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जानेवारी २०२५मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. म्हणून बिल्डरच्या कार्यालयात 'पाणी चोवीस तास' ऐकून घेऊ नका. शेजारच्या, चार-पाच वर्षांपूर्वी ताबा मिळालेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि गेल्या एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर किती खर्च झाला ते विचारा. तो आकडा तुमच्या मासिक देखभाल खर्चात येणार आहे.

पुनर्विकासाची वाट बघावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. पाच वर्षं बोलणी चालू आहेत याचा बहुतेक वेळा अर्थ असा, की मूळ कागद अडले आहेत. सोसायटीत दोन प्रश्न विचारा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का? नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे मूळ मालक किंवा बिल्डर सही देत नसला तरी सरकारकडून जमीन नावावर करून घेण्यासाठी, अर्ज केलाय का? जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. तुमच्याकडे बारा जण आहेत, म्हणजे सात. पण दोन मालक परदेशात आणि पाच जण भाड्यावर समाधानी असताना हे सात जमवणार कोण? शिवाय समोरचा रस्ता अरुंद असेल तर किती बांधता येईल यावर मर्यादा येतात, त्यामुळे बिल्डरला परवडत नाही. कन्व्हेयन्स झालं नसेल तर पुनर्विकास तुमच्या हिशेबातून आज पूर्ण वगळा. झालं असेल, तर मात्र पुढाकार घेणाऱ्यांत तुम्ही स्वतः जा.

आता माझं मत सांगते. घर विकू नका. निदान दोन वर्षं तरी नाही. पेठेतलं घर एकदा विकलं की पुन्हा तिथे घर घेणं तुमच्यासारख्या नोकरदार कुटुंबाला जवळजवळ अशक्य असतं. पुनावळ्यात मात्र पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही फ्लॅट मिळणारच आहेत. जी वाट परत फिरता येत नाही ती सगळ्यात शेवटी धरावी.

मी तुमच्या जागी असते तर आधी याच पेठेत, किंवा नारायण-शनिवार पेठेत, लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने घर बघितलं असतं आणि आपला तिसरा मजला भाड्याने दिला असता. स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे या भागात घरांना मागणी कायम असते आणि विशीतल्या मुलांना तीन जिन्यांचं काही वाटत नाही. भाडेकरार नोंदणी केलेलाच हवा, कायद्याने तो बंधनकारक आहे. आणि किती मुलं राहणार हे करारात लिहा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे शेजारी तुमच्यावर नाराज होतील. दोन भाड्यांतला फरक खिशातून भरावा लागेल. पण पुनावळ्याच्या कर्जाच्या हप्त्याशेजारी तो मांडून बघा, म्हणजे तो खर्च केवढासा आहे ते कळेल. यात सासूबाई खाली उतरतील, डॉक्टर तेच राहतील, तुमची शाळा राहील. पतींचा प्रवास मात्र आहे तसाच राहील, हे त्यांना स्पष्ट सांगा आणि त्याच्या बदल्यात त्यांना काय हवं ते विचारा. भाड्याचं पार्किंग ही पहिली गोष्ट असू शकते. ऑफिसच्या दिवशी कंपनीच्या बसने जाणं ही दुसरी.

हे पतींना पटलं नाही आणि पुनावळेच हवं असेल, तर तिथेही अकरा महिने भाड्याने राहा. मोठं घर, हवा, शांतता, मुलाची संध्याकाळ, सगळं प्रत्यक्ष अनुभवा, आणि तुमचा सहा दिवसांचा प्रवासही. अकरा महिन्यांनी तुम्ही तिथे रमलात तर मला आनंदच होईल. तेव्हा घेतलेला निर्णय खरा तुमचा असेल.

याच प्रश्नावर पत्रं पाठवणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. दोघांच्याही नोकऱ्या हिंजवडी किंवा खराडीत असतील आणि घरात वयस्कर कुणी नसेल, तर जुन्या शहरात अडून बसू नका. जा, आणि मनाला लावून घेऊ नका. उलट उपनगरातून पेठेत येऊ पाहणाऱ्यांनी जागा गणेशोत्सवात एकदा आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एकदा बघावी. वाड्यातली खोली असेल तर मालकीचे कागद आणि जुने भाडेकरू किती हे वकिलाकडून तपासून घ्यावं. शनिवारवाड्याच्या जवळ घर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. तिथला जुना वाडा पाडून 'लवकरच टॉवर होणार' असं कुणी सांगत असेल, तर तिथून उठावं.

आणि सासूबाईंना पुनावळं दाखवायचं असेल तर रविवारी नेऊ नका. रविवारी सगळीच उपनगरं सुंदर दिसतात. तुम्हाला सुट्टी आणि इतरांना कामाचा दिवस असेल असा एखादा मंगळवार बघा. सकाळी साडेआठला महामार्गाखालच्या भुयारी मार्गातून एकदा जाऊन बघा. दुपारी त्यांना तिथल्या एखाद्या ओळखीच्या घरी दोन तास बसू द्या, चहा त्यांनाच करू द्या. संध्याकाळी लिफ्टने खाली आणून बाकावर बसवा आणि तुम्ही थोड्या लांब थांबा. बिल्डरचा माणूस त्या दिवशी बरोबर नको. घरी परतल्यावर लगेच काही विचारू नका, दोन दिवस जाऊ द्या. काय ठरलं ते मला जरूर कळवा.